शोधयंत्राला मुळशी कशी सापडते?

संकेतस्थळ चालवणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न आणि त्यांमागचे विज्ञान

पुण्याहून पौड रस्त्याने पश्चिमेकडे निघाले, की भूगाव, पिरंगुट, पौड ही गावे मागे टाकून आपण मुळशी धरणाच्या काठाने ताम्हिणी घाटाकडे जातो. पावसाळ्यात शनिवार-रविवारी या रस्त्यावर वाहनांची रांग लागते. येणाऱ्यांची राहण्या-जेवणाची सोय करणारी शेतघरे, खानावळी आणि कृषी पर्यटन केंद्रे तालुक्यात ठिकठिकाणी उभी राहिली आहेत. पूर्वी रस्त्याच्या कडेला ठळक पाटी लावली की काम भागत असे. आता पाहुणा घरातून निघण्यापूर्वीच मोबाईलवर शोध घेतो आणि जे सापडेल तेथे जातो. म्हणून शेतघराचा मालक वेबसाइट, म्हणजे संकेतस्थळ, तयार करून घेतो. महिना-दोन महिन्यांनी त्याच्या लक्षात येते, की हे संकेतस्थळ त्याच्याशिवाय फारसे कोणी पाहत नाही. मग कोणीतरी त्याला सांगतो, "अमुक रुपये द्या, तुम्हाला पहिल्या क्रमांकावर आणून देतो." या कामाचे नाव आहे सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन, थोडक्यात एसईओ.

त्याने पैसे द्यावेत का? हे ठरवायचे तर सर्च इंजिन, म्हणजे शोधयंत्र, कसे चालते ते समजून घ्यायला हवे. ते वाटते तितके अवघड नाही. पुस्तकाची शब्दसूची, अपूर्णांक, थोडे लॉगरिथम आणि मराठीचे व्याकरण एवढ्या शिदोरीवर त्याचा बराच भाग उलगडतो. शिवाय हा विषय केवळ हॉटेलवाल्यांचा नाही. शाळेचे संकेतस्थळ असो, ग्रंथालयाचे असो की बचत गटाचे, शोधात न सापडणारी माहिती बहुतेक लोकांच्या दृष्टीने नसल्यासारखीच असते. संकेतस्थळ चालवणारी मंडळी जे प्रश्न वारंवार विचारतात, त्यांच्याच आधाराने आपण हा विषय पाहू या.

प्रश्न : संकेतस्थळ सुरू होऊन महिना झाला, तरी शोधात दिसत का नाही?

पुष्कळांची अशी समजूत असते, की आपण शब्द टाइप केला की शोधयंत्र त्या क्षणी जगभरची संकेतस्थळे धुंडाळते. तसे होत नाही. शोधयंत्र आपल्या स्वतःच्या साठ्यात पाहते. हा साठा आधीच तयार केलेला असतो. त्यासाठी तीन कामे अखंड चालू असतात.

पहिले काम पाने गोळा करण्याचे. हे काम एक आज्ञावली, म्हणजे प्रोग्रॅम, करते. तिला क्रॉलर म्हणतात. ती एका पानावर जाते, त्यातील दुवे, म्हणजे लिंका, टिपून घेते, त्या दुव्यांवरून पुढच्या पानांवर जाते, आणि असे करीत राहते. ज्या पानाकडे कोठूनही दुवा येत नाही, ते पान तिला सहजासहजी भेटत नाही; रस्ताच नसलेल्या वाडीवर एस.टी. जात नाही, तसे हे आहे. दुसरे काम सूची करण्याचे आणि तिसरे क्रम लावण्याचे. त्यांच्याकडे आपण पुढे वळू.

तेव्हा मालकाने आधी पाहावे, की आपले पान साठ्यात आहे का. गूगलच्या शोधचौकटीत रोमन लिपीत 'साइट' हा शब्द, त्यापुढे कोलनचे दोन टिंब आणि जागा न सोडता आपल्या संकेतस्थळाचा पत्ता लिहिला, तर साठ्यातील पाने साधारणपणे समोर येतात. काहीच आले नाही, तर बहुधा दोनपैकी एक कारण असते. एक तर त्या पानाकडे कोणाचाच दुवा नाही. किंवा संकेतस्थळ बांधताना 'हे पान साठ्यात घेऊ नये' अशी सूचना ठेवली होती आणि ती काढायची राहून गेली. क्रॉलरने कोठे जाऊ नये हे सांगणाऱ्या एका छोट्या फाइलचा संकेत १९९४ मध्ये मार्टिन कोस्टर यांनी सुचवला, आणि तो आजही पाळला जातो. त्या फाइलीतील एका चुकीच्या ओळीने संपूर्ण संकेतस्थळ क्रॉलरला बंद होऊ शकते.

उपायही सोपा आहे. संकेतस्थळावरील पानांची यादी, म्हणजे साइटमॅप, शोधयंत्राकडे देता येते. गूगलच्या 'सर्च कन्सोल' या सोयीतून ती देता येते आणि कोणते पान का घेतले गेले नाही हेही तेथे समजते. ही सोय विनामूल्य आहे. नोंद झाल्यावरही परिणाम दिसायला वेळ लागतो. केलेल्या सुधारणांचा लाभ दिसायला बहुतेक वेळा चार महिने ते एक वर्ष लागते, असे गूगलच सांगते. "आठवड्यात वर आणतो" हे आश्वासन त्यामुळेच संशयास्पद ठरते.

प्रश्न : 'मुळशी' हा शब्द पानावर शंभर वेळा लिहिला, तर पान वर येईल का?

येथे दुसरे काम समजून घ्यावे लागते. पाठ्यपुस्तकाच्या किंवा संदर्भग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते. तिच्यात 'ऑक्सिजन : ७, ३१, ५८' असे लिहिलेले असते. पुस्तकात पानावरून शब्दाकडे जावे लागते; सूचीत शब्दावरून पानाकडे जाता येते. शोधयंत्राची सूची अशीच उलटी असते. प्रत्येक शब्दासमोर तो ज्या ज्या पानांवर आहे त्यांचे क्रमांक असतात. 'मुळशी' आणि 'तांदूळ' हे दोन शब्द विचारले, की दोन्ही यादींतील समान क्रमांक निवडले जातात. गणिताच्या भाषेत हा दोन संचांचा छेद झाला.

पण प्रत्येक शब्दाला सारखे वजन दिले तर भागत नाही. १९७२ मध्ये कॅरेन स्पार्क जोन्स या ब्रिटिश संशोधिकेने एक साधी आणि फार उपयोगी कल्पना मांडली. जो शब्द थोड्याच पानांवर आढळतो, तो पाने वेगळी काढायला अधिक उपयोगी. म्हणून त्याला वजन अधिक. समजा, साठ्यात १००० पाने आहेत. 'पुणे' हा शब्द ५०० पानांवर आहे आणि 'आंबेमोहोर' ५ पानांवर. एकूण पानांना शब्द असलेल्या पानांनी भागले, तर 'पुणे'साठी २ आणि 'आंबेमोहोर'साठी २०० मिळतात. त्यांचे लॉगरिथम घेतले, तर वजने सुमारे ०.३ आणि २.३ येतात. 'पुणे आंबेमोहोर' असे विचारणाऱ्याला काय हवे आहे, हे दुसऱ्या शब्दाने अधिक ठरते, ते असे.

एका पानावर तोच शब्द वारंवार येण्याचा सुरुवातीला थोडा उपयोग होतो, पण तो लवकरच थांबतो. भाजीत पहिली चिमूट मीठ चव आणते, म्हणून मूठभर टाकले तर भाजी दसपट चवदार होत नाही. जुन्या शोधयंत्रांना हे नीट जमत नव्हते. त्याचा फायदा घेऊन लोक पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत तोच शब्द शेकडो वेळा लिहीत. वाचणाऱ्याला तो दिसत नसे, यंत्राला दिसे. आज अशा क्लृप्त्या ओळखल्या जातात आणि पान मागे ढकलले जाते, कधी साठ्यातून वगळलेही जाते. पानाच्या पोटात 'कीवर्ड' लपवून ठेवण्याची एक जागा असते. पाने लावताना आपण ती विचारातच घेत नाही, हे गूगलने २००९ मध्ये जाहीर केले. तरीही तेवढ्याच कामाचे पैसे घेणारे अजून भेटतात.

मग करावे काय? पानाला नेमके शीर्षक द्यावे. 'मुख्यपान' किंवा 'आपले सहर्ष स्वागत' या शीर्षकांतून ना वाचकाला काही कळते, ना यंत्राला. 'ताम्हिणी घाट रस्त्यावरील शेतघर : मुक्काम, घरगुती जेवण, पौडहून येण्याचा मार्ग' हे शीर्षक दोघांनाही उपयोगी आहे.

प्रश्न : आम्हाला 'मुळशी' या शब्दावर पहिले यायचे आहे. ते का जमत नाही?

कारण 'मुळशी' म्हणणाऱ्याच्या मनात काय आहे, हे यंत्राला ठाऊक नसते. मुळशी हा तालुका आहे, धरण आहे. ज्या धरणाचे पाणी सह्याद्रीपलीकडे भिरा येथे वीज निर्माण करते, त्याच धरणासाठी जमिनी जाऊ नयेत म्हणून १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला. २०१८ मध्ये 'मुळशी पॅटर्न' हा चित्रपट आला आणि या शब्दाला आणखी एक अर्थ चिकटला. हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान केंद्रही याच तालुक्यात आहे. एका शब्दामागे इतक्या गोष्टी उभ्या असताना एका शेतघराने पहिल्या जागेसाठी झगडणे व्यर्थ आहे.

पाहुणा प्रत्यक्षात अधिक नेमके विचारतो : 'ताम्हिणीजवळ शाकाहारी जेवण', 'मुळशीत शाळेची सहल कुठे न्यावी', 'अंधारबनला जाताना आदल्या रात्री मुक्काम'. प्रश्न जितका नेमका, तितकी त्याचे उत्तर देणारी पाने कमी. म्हणून आलेल्या पाहुण्यांनी फोनवर काय काय विचारले, त्याची वही ठेवावी. त्या प्रश्नांची खरी उत्तरे पानावर लिहावीत. बस कोठपर्यंत येते, वाहनतळावर किती गाड्या मावतात, स्वच्छतागृह कसे आहे, दाट धुक्यात किंवा दरड कोसळल्यास कोणता रस्ता टाळावा, हे सर्व लिहावे. ही माहिती त्या जागी राहणाऱ्यालाच ठाऊक असते, आणि म्हणूनच तिला मोल असते.

प्रश्न : दुसऱ्या संकेतस्थळांवरचे दुवे विकत मिळतात. घ्यावेत का?

आता तिसरे काम, क्रम लावण्याचे. शब्द जुळणारी पाने हजारो असतील, तर आधी कोणते दाखवायचे? लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन हे स्टॅनफर्ड विद्यापीठातील दोन विद्यार्थी या प्रश्नावर काम करीत होते. एका पानाने दुसऱ्याला दिलेला दुवा म्हणजे एक प्रकारचे मत मानावे, आणि ज्याला स्वतःला चांगली मते पडली आहेत त्याचे मत अधिक मोलाचे मानावे, अशी त्यांची कल्पना होती. तिला पेजरँक म्हणतात. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात २ कोटी ४० लाख पानांवर केलेल्या कामाचे वर्णन आहे. त्याच वर्षी गूगल कंपनी स्थापन झाली. आज आपल्या साठ्यात शेकडो अब्ज पाने आहेत, असे ती कंपनी सांगते.

ही कल्पना वर्गात चिंचोके घेऊन करून दाखवता येते. तीन विद्यार्थी उभे करा. क म्हणजे तालुक्याच्या माहितीचे पान, ख म्हणजे शेतघराचे पान, ग म्हणजे शाळेचे पान. क ने ख आणि ग या दोघांना दुवा दिला आहे. ख ने ग ला दिला आहे. ग ने क ला दिला आहे. प्रत्येकाला २० चिंचोके द्या, एकूण ६०. प्रत्येक फेरीत सर्वांनी एकाच वेळी आपले सगळे चिंचोके, ज्यांना दुवा दिला आहे त्यांच्यात सारखे वाटायचे. पुढीलप्रमाणे आकडे मिळतील.

सुरुवात : क २०, ख २०, ग २०
पहिली फेरी : क २०, ख १०, ग ३०
दुसरी फेरी : क ३०, ख १०, ग २०
तिसरी फेरी : क २०, ख १५, ग २५
चौथी फेरी : क २५, ख १०, ग २५

पुढे अर्धे चिंचोके लागतात, म्हणून वहीवर आकडेमोड करावी. चढउतार कमी होत होत आकडे क २४, ख १२, ग २४ येथे स्थिरावतात. पडताळून पाहा : ग आपले २४ क ला देतो, क आपले २४ दोन ठिकाणी १२-१२ देतो, ख आपले १२ ग ला देतो. म्हणजे पुन्हा २४, १२, २४. गंमत अशी, की क आणि ख या दोघांनाही दुवा एकेकच आला आहे, पण क चे मूल्य ख च्या दुप्पट आहे. दुवे किती, यापेक्षा ते कोणाचे आणि त्या पानाने आणखी किती जणांना दिले आहेत, याला महत्त्व आहे. मूळ रीतीत याखेरीज एक भर असते. वाचक प्रत्येक वेळी दुव्यावरूनच पुढे जाईल असे नाही. तो मध्येच एखादे भलतेच पान उघडील. म्हणून मूल्याचा ८५ टक्के भाग दुव्यांतून आणि उरलेला १५ टक्के सर्व पानांना सारखा, असे सामान्यतः धरले जाते.

आता विकतच्या दुव्यांकडे वळू. शंभर निरर्थक पाने तयार करून त्यांवरून दुवे देणारे व्यापारी आहेत. पण त्या पानांना स्वतःलाच कोणाचे दुवे नाहीत. ज्याच्या मुठीत चिंचोके नाहीत, तो देणार काय? शिवाय अशी बनावट जाळी शोधून काढण्यासाठी गूगलने २०१२ मध्ये 'पेंग्विन' या नावाने मोठा बदल केला. क्रम वाढवण्यासाठी दुवे विकत घेणे हे तिच्या नियमांविरुद्ध आहे आणि त्यासाठी शिक्षा होऊ शकते.

खरा दुवा मिळवण्याचा मार्ग वेगळा आहे. शेतघराच्या पानावर परिसरातील पक्ष्यांची ऋतुवार नोंद असेल, तर पक्षिमित्र मंडळ दुवा देईल. सहलीला आलेली शाळा आपल्या पानावर उल्लेख करील. आज क्रम लावताना दुव्यांबरोबर इतरही अनेक गोष्टी पाहिल्या जातात. त्यांचे सर्व तपशील कंपनी उघड करीत नाही. पण दुसऱ्याने आपणहून घेतलेली दखल मोलाची, हे तत्त्व टिकून आहे.

प्रश्न : मराठीत लिहावे की इंग्रजीत?

पाहुणे दोन्ही भाषांत शोधतात, म्हणून जमल्यास दोन्हींत लिहावे. मात्र प्रत्येक भाषेचे पान वेगळे ठेवावे. मराठीबाबत तीन गोष्टी विशेष लक्षात घ्याव्या लागतात, आणि त्या आपल्या विद्यार्थ्यांना जरूर सांगाव्यात.

पहिली गोष्ट अक्षरांच्या क्रमांकाची. संगणक अक्षराचे चित्र साठवत नाही, क्रमांक साठवतो. जगातील लिप्यांना असे क्रमांक देणारी युनिकोड ही पद्धती १९९१ पासून आहे. तिच्यात 'मुळशी' म्हणजे पाच क्रमांक : म २३५०, उकार २३६९, ळ २३५५, श २३५८, दीर्घ ईकार २३६८. कोणी हिंदीच्या वळणाने 'मुलशी' लिहिले, तर ल चा क्रमांक २३५४. आपल्या डोळ्यांना फरक किरकोळ वाटतो, पण यंत्राच्या लेखी हे दोन वेगळे शब्द आहेत. मोठी शोधयंत्रे असा सारखेपणा बऱ्याचदा ओळखतात, पण त्यावर विसंबून राहू नये. पुष्कळ जुना मराठी मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. त्या फॉन्टमध्ये क्रमांक रोमन अक्षरांचे असतात आणि फक्त आकार देवनागरीचे. असा मजकूर माणसाला मराठी दिसतो, यंत्राला मात्र रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसते. चाचणी सोपी आहे. पानावरील ओळ निवडून साध्या नोटपॅडमध्ये उतरवा. मराठी उतरली तर ठीक. रोमन अक्षरांचा गोंधळ उतरला तर फॉन्ट जुना आहे. ओळ निवडताच आली नाही, तर ते अक्षर नसून चित्र आहे. छापील माहितीपत्रकाचा फोटो पानावर चढवणे ही तर नित्याची गोष्ट. चित्रातील अक्षरे वाचण्याचे तंत्र आता बरेच सुधारले असले, तरी आपला मजकूर अक्षररूपातच असावा.

दुसरी गोष्ट विभक्तीची. मुळशी, मुळशीत, मुळशीला, मुळशीहून, मुळशीच्या, मुळशीतील : माणसाला हा एकच शब्द, पण साध्या सूचीत या सहा वेगळ्या नोंदी होतात. इथे निदान सुरुवातीचा भाग तसाच राहतो. 'तांदूळ' आणि 'तांदळाचा' यांत तर सामान्यरूप होताना आतला ऊकारच नाहीसा होतो. शब्दाचे मूळ रूप काढण्याच्या या कामाला स्टेमिंग म्हणतात. इंग्रजीसाठी ते बऱ्याच आधी आणि बऱ्याच प्रमाणात झाले. मराठीसाठी ते अधिक कठीण आहे. २०१९ पासून गूगलने वाक्याचा संदर्भ लक्षात घेणारी 'बर्ट' नावाची प्रणाली शोधासाठी वापरायला सुरुवात केली, आणि त्यामुळे परिस्थिती सुधारत गेली. तरीही शीर्षकात शब्दाचे मूळ रूप यावे, हे बरे. व्याकरणाच्या तासाला 'सामान्यरूप कशाला शिकायचे?' असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला हे उदाहरण अवश्य द्यावे.

तिसरी गोष्ट लेखनभेदांची. 'आंबेमोहोर' आणि 'आंबेमोहर' अशी दोन्ही रूपे लोक लिहितात. पानात एक रूप कायम ठेवून दुसऱ्याचा एकदा उल्लेख करावा, तेवढे पुरे.

प्रश्न : नकाशावर आमचे नाव का येत नाही?

'जवळचे जेवणाचे ठिकाण' असे विचारले की नकाशासह येणाऱ्या उत्तरांचा हिशेब थोडा निराळा असतो. त्यात तीन गोष्टी पाहिल्या जातात, असे गूगल सांगते : मागणीशी जुळणी, अंतर आणि त्या जागेची प्रसिद्धी. यासाठी व्यवसायाची नोंद विनामूल्य करता येते. नाव, पत्ता, दूरध्वनी आणि वेळा सगळीकडे सारख्याच लिहाव्यात. पाऊस फार झाल्याने दोन दिवस बंद असेल, तर तेही त्या नोंदीत लिहावे. नातेवाइकांकडून खोटे अभिप्राय लिहून घेऊ नयेत. ते नियमाविरुद्ध आहे, आणि वाचकालाही ते कळतात.

याच्याशी निगडित बाब मोबाईलची. बहुतेक पाहुणे मोबाईलवरून शोधतात, आणि डोंगराच्या कुशीत नेटवर्क तोकडे असते. मोबाईलवर नीट वाचता येणाऱ्या पानांना मोबाईलवरील शोधात झुकते माप देण्यास गूगलने २०१५ मध्ये सुरुवात केली. दहा मोठी छायाचित्रे पहिल्याच पानावर असतील, तर घाटात उभा असलेला पाहुणा ती उतरेपर्यंत थांबणार नाही. छायाचित्रे लहान करावीत. दूरध्वनी क्रमांक आणि रस्त्याची माहिती सर्वांत वर द्यावी.

प्रश्न : आता यंत्रच वर उत्तर लिहून देते. मग संकेतस्थळ कशाला?

२०२४ पासून गूगलच्या शोधात काही प्रश्नांना सर्वांत वर कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला सारांश दिसतो. त्यामुळे पान उघडणाऱ्यांची संख्या घटेल, ही भीती अनाठायी नाही. पण असा सारांश जुळवताना यंत्राला अखेर कोणाच्या तरी पानांचाच आधार घ्यावा लागतो. गावची माहिती गावातल्या कोणी लिहिलीच नसेल, तर दुरून, ऐकीव माहितीवर लिहिलेल्या पानांतून तो सारांश बनेल. चुकीची वाट, जुने दर किंवा धोक्याची जागा सुरक्षित म्हणून त्यात येऊ शकते. तेव्हा प्रत्यक्ष पाहून, तारखेसह लिहिलेल्या माहितीची गरज वाढली आहे, असेच म्हणावे लागेल.

तर मग पैसे द्यावेत का?

शोधाच्या निकालांत दोन प्रकारच्या जागा असतात. 'प्रायोजित' असे लिहिलेली जागा ही जाहिरात असते. ती पैसे देऊन मिळते आणि पैसे संपले की जाते. बाकीच्या जागा विकत मिळत नाहीत. त्यांत पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे स्वतः गूगलनेच सांगून ठेवले आहे. संकेतस्थळ नीट बांधून देणे, ते वेगाने उघडेल असे करणे, सूचीतील अडथळे दूर करणे हे कौशल्याचे काम आहे, आणि त्याचे योग्य मोल द्यायला हरकत नाही. परंतु जो हमी देतो, आपण काय केले ते सांगत नाही, किंवा संकेतस्थळाच्या किल्ल्या, म्हणजे पासवर्ड, स्वतःकडे ठेवतो, त्याला दूरच ठेवावे.

वर्गासाठी काही उपक्रम

चिंचोक्यांच्या खेळात चौथे पान वाढवून पाहा. त्याला कोणीच दुवा देत नसेल तर त्याचे काय होते? ते सगळ्यांकडून घेते पण कोणालाच देत नसेल तर काय होते? दुसऱ्या प्रश्नात सगळे चिंचोके हळूहळू त्याच्याकडे जाऊन अडकतील. वर सांगितलेला १५ टक्क्यांचा भाग कशासाठी लागतो, हे मुलांना तेथे आपोआप कळेल. पाठ्यपुस्तकातील एका धड्याची उलटी सूची विद्यार्थ्यांकडून करून घ्या आणि 'तांदूळ, तांदळाचा, तांदळात' यांचे काय करायचे, यावर त्यांना वाद घालू द्या. शाळेच्या स्वतःच्या संकेतस्थळाला नोटपॅडची चाचणी लावून पाहा.

आणि शेवटी एक लिहिण्याचा उपक्रम. मुळशीच्या शाळांतील मुलांच्या घरी सत्याग्रहाच्या आठवणी ऐकलेली माणसे असतील. धरणात गेलेल्या गावांची नावे, भाताच्या जुन्या वाणांची नावे, आपल्या शेतावरच्या पावसाच्या नोंदी त्यांच्याजवळ असतील. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे, पण तेथे लिहायचे तर प्रसिद्ध झालेल्या साधनांचा आधार द्यावा लागतो. म्हणून घरची माहिती शाळेच्या संकेतस्थळावर आणि ग्रंथांतून तपासलेली माहिती विकिपीडियावर, अशी वाटणी करावी. मजकूर युनिकोडमध्ये असावा, शीर्षक नेमके असावे, माहिती कोणाकडून व केव्हा मिळाली ते लिहावे, आणि एका पानावरून दुसऱ्याकडे दुवे द्यावेत. एवढे केले, की उद्या कोणी 'मुळशी' म्हणून विचारले, तर मुक्कामाचे दर आणि धबधब्यांची छायाचित्रे यांच्या बरोबरीने त्या मातीतल्या माणसांनी लिहिलेले पानही शोधयंत्राच्या सूचीत असेल.